अर्बेलचा कडा



तिबेरियाहून उत्तरेकडे निघालात की उजव्या हाताला किनेरेतचे पाणी दिसत राहते आणि थोड्याच वेळात डाव्या हाताला एक डोंगर आडवा येतो. कोणीतरी सुरी घेऊन अर्धा कापून नेला आणि अर्धा आपल्यासाठी ठेवला, असा. वरून सपाट आणि समोरून उभा कातळ. त्याच्या पलीकडे तसाच दुसरा, जरा बुटका डोंगर, आणि दोघांच्या मधून एक अरुंद दरी. हा मोठा तो अर्बेल, पलीकडचा तो नित्ताय. आपल्यापैकी शेकडो लोकांनी तो बसच्या खिडकीतून पाहिला असेल. तिबेरियाच्या गरम पाण्याच्या सहलीला जाताना कोणीतरी बोट दाखवते, आपण मान वळवतो, तोवर बस पुढे जाते आणि डब्यातल्या पुऱ्या बाहेर निघतात.

उंची विचाराल तर हसाल. समुद्रसपाटीपासून फक्त १८१ मीटर. महाराष्ट्रात कळसूबाई १६४६ मीटर आहे, तिच्यापुढे हे काय? पण इथला हिशेब वेगळा आहे. किनेरेत समुद्रसपाटीच्या खाली आहे, सुमारे २१० मीटर. म्हणजे पाण्याच्या काठावरून पाहणाऱ्याला हा डोंगर जवळजवळ ३९० मीटर उभा दिसतो, आणि त्यातला वरचा भाग तर भिंतच. ज्यांचे बालपण पनवेलला गेले त्यांना प्रबळगडाशेजारचा कलावंतिणीचा सुळका आठवेल, कातळात खोदलेल्या पायऱ्यांचा. अर्बेलवर तशा पायऱ्या नाहीत. इथे कातळात लोखंडी कड्या ठोकल्या आहेत आणि काही ठिकाणी लोखंडी दोर लावला आहे. त्यांना धरून, हातापायांनी, लहान मूल जिना चढते तसे चढायचे. दोरखंड, हातोडे, असले काही लागत नाही. मात्र हात रिकामे हवेत आणि डोके जागेवर हवे.

बालमित्रांनो, तुम्ही विचाराल की हा डोंगर असा अर्धाच का? आपल्या देशाच्या पूर्वेकडून जमिनीला एक लांबच लांब चीर गेली आहे. तिला सीरिया-आफ्रिका खचदरी म्हणतात. किनेरेत, यार्देन नदी, मृत समुद्र, एलात, सगळे त्या चिरेत बसले आहेत. जमीन खचली तेव्हा आसपासचे डोंगरही तुटले, आणि अर्बेलचा कडा ही अशीच एक तुटलेली कड आहे. आणखी एक गंमत पाहा. कडा पांढरट, पिवळसर चुनखडकाचा आहे, पण खालच्या मैदानात आणि किनेरेतच्या काठाला दगड काळा दिसतो. तो ज्वालामुखीचा दगड, आपल्या सह्याद्रीचा असतो तसाच काळा. माझ्या बायकोने पहिल्यांदा तिबेरिया पाहिले तेव्हा ती म्हणाली होती, "अहो, हे दगड तर आपल्या अलिबागच्या कोटाचे!" भूगोलाच्या मास्तरांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

आता मुद्द्यावर येतो. हा कडा मी गेल्या तम्मूज महिन्यात चढलो, भर उन्हाळ्यात आणि एकट्याने. वय वर्षे एकोणसत्तर.

हे लिहिताना मला ठाऊक आहे की वडील मंडळी चष्म्यावरून बघतील आणि म्हणतील, याला काय झाले? घरीही तेच झाले. सूनबाईने तर सरळ माझ्या मुलाला सांगितले, "बाबांना समजाव." मुलाने माझ्या धाकट्या नातवाला पुढे केले. नातू म्हणाला, "साबा, मला घेऊन चल." म्हणजे वकील फितूर झाला.

खरे तर मी एकटा जाणारा माणूस नाही. गेली तीस वर्षे आम्ही दोघे जात होतो, मी आणि माझा दिमोनाचा मित्र. उल्पानमध्ये एकाच बाकावर बसलो, दोघांचे हिब्रू सारखेच कच्चे. त्याला डोंगराचे वेड होते, मला त्याच्या सोबतीचे. अर्बेल आम्ही नऊ वेळा चढलो, दर वेळी हिवाळ्यानंतर, रानफुले असताना, आणि दोनदा उन्हाळ्यातही. मागल्या वर्षी त्याच्या गुडघ्यांचे ऑपरेशन झाले, दोन्ही. डॉक्टरांनी सांगितले, चालायचे, पण कातळावर नाही. तेव्हा तो मला फोनवर म्हणाला, "तू जा. मी इथून बघतो." दिमोनाहून अर्बेल कसा दिसणार? पण त्याचा अर्थ मला नंतर कळला.

त्याने नकाशा टेबलावर पसरला आणि माझ्याकडून तीन फोन कबूल करून घेतले. पहिला फोन हमाम गाव सोडताना, दुसरा किल्ल्यापाशी आणि तिसरा माथ्यावरून. प्रत्येक फोनची वेळ कागदावर लिहिली. किल्ल्यापाशी सकाळी सव्वासहाच्या आत पोहोचलो नाही तर तिथूनच परत फिरायचे. कड्यांचा टप्पा साडेसातपर्यंत पार झाला नाही तर जिथे असेन तिथून सावकाश माघारी. आणि ठरल्या वेळेनंतर अर्धा तास फोन आला नाही तर तो कोणाला विचारत बसणार नाही, सरळ १०० नंबरवर पोलिसांना फोन लावणार. "मग हेलिकॉप्टरमधून लोंबकळत खाली ये, टीव्हीवर दिसशील," असे वर म्हणाला.

एकट्याने जाणे म्हणजे कोणाला न सांगता जाणे, असा पुष्कळांचा समज असतो, विशेषतः तरुणांचा. मला तो पटत नाही. सोबतीला कोणी असले की तो दोन कामे करतो. तुम्ही पडलात तर मदत आणतो, आणि तुम्ही दमलात हे तुमच्या आधी ओळखतो. पहिले काम फोन करू शकतो. दुसऱ्यासाठी घड्याळ लागते, कारण दमलेल्या माणसाला आपण दमलोय हे कबूल करायचे नसते. म्हणून वेळ घरी बसूनच ठरवायची, पंख्याखाली, डोके थंड असताना.

आणि उन्हाळ्यात डोंगरावर पायांची परीक्षा नंतर होते, आधी पाण्याची. तिबेरियाला जुलैमध्ये दुपारी ३७-३८ अंश ही नेहमीची गोष्ट आहे. शरीर घामाने थंड होते, घामाला पाणी लागते, आणि घामाबरोबर मीठही जाते. आपल्या वयाच्या माणसांची अडचण अशी की तहान उशिरा कळते. शरीराला पाणी हवे असते पण जीभ काही बोलत नाही. शिवाय आपल्यातल्या अर्ध्या लोकांना रक्तदाबाच्या गोळ्या असतात, आणि त्यातल्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी बाहेर काढतात. म्हणून जाण्यापूर्वी मी डॉक्टरीणबाईंना विचारून आलो. त्यांनी तपासले, गोळीची वेळ सांगितली आणि म्हणाल्या, नऊच्या आत सावलीत असायला पाहिजे. मी साडेचार लिटर पाणी घेतले. एका बाटलीत लिंबू, मीठ आणि साखर. आपल्या आईची कृती, दुकानातल्या रंगीत पाण्यापेक्षा स्वस्त. साडेचार लिटर म्हणजे पाठीवर साडेचार किलो. चढणीवर ते फार वाटते, पण दर पंधरा मिनिटांनी कमी होत जाणारे दुसरे कुठले ओझे आहे?

आदल्या रात्री तिबेरियाला भाच्याकडे मुक्काम केला. त्याने पहाटे गाडीने हमाम गावापाशी सोडले. हे कड्याच्या पायथ्याशी वसलेले अरब बेदुईन लोकांचे गाव. अजून उजाडायचे होते. कोंबडे आरवत होते, कुठेतरी चूल पेटल्याचा वास येत होता, आणि क्षणभर मला मी कुठल्या देशात आहे हे सांगता आले नसते. पाच वाजता पहिला फोन केला. दिमोनाचा मित्र जागाच होता, चहाचा कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला. "पाच वाजून दोन मिनिटं," तो म्हणाला, "लिहिलं."

या दरीतली पहाट फार जुनी आहे. तल्मूदमध्ये, येरुशलमीमध्ये, एक गोष्ट सांगितली आहे. रब्बी हिय्या आणि रब्बी शिमोन बेन हलाफ्ता हे दोघे अर्बेलच्या या दरीतून भल्या पहाटे चालले होते. पूर्वेला पहिला उजेड फुटताना त्यांनी पाहिला. तेव्हा रब्बी हिय्या म्हणाले की इस्राएलची सुटका अशीच होईल, आधी थोडी थोडी, मग वाढत वाढत. हे मी लहानपणी कधी ऐकले नव्हते. आमच्याकडे कोकणात एलियाहू हन्नबींचे नाव घरोघरी, खंडाळे गावच्या खडकावर त्यांच्या रथाच्या खुणा दाखवत, मलीदा होई. पण रब्बींच्या गोष्टी इकडे आल्यावरच कळल्या. पुढच्या वेळी कोणी अर्बेलला गेले तर पहाटेच जावे. गोलानच्या मागे आकाश आधी राखाडी होते, मग जांभळट, आणि किनेरेत हळूहळू दिसायला लागतो, कोणी फोटो धुवावा तसा. जुन्या फोटोवाल्यांना कळेल मी काय म्हणतो ते.

गावापासून वाट तिरकी वर जाते. ही श्विल इस्राएलचीच वाट. उत्तरेला किबुत्स दानपासून दक्षिणेला एलातपर्यंत हजार किलोमीटरहून लांब असलेली ही पायवाट १९९५ साली सुरू झाली. तिची खूण पांढरा, निळा आणि नारिंगी अशा तीन पट्ट्यांची, दगडावर रंगवलेली. खूण दिसेनाशी झाली तर पुढे जायचे नाही, शेवटच्या खुणेपर्यंत मागे यायचे, हा नियम लहान मुलांनीसुद्धा पाठ करावा. वाळलेले गवत गुडघ्यापर्यंत होते. काटे पायजम्यातून आत येत होते. ज्यांना उन्हाळ्यात अर्धी चड्डी घालून डोंगर चढायची हौस आहे त्यांनी एकदा इथे यावे.

अर्ध्या चढणीवर एकदम शिट्टी वाजली. मी थांबलो. वरच्या धोंड्यावर एक जाडजूड, तपकिरी प्राणी बसला होता, मांजराएवढा, शेपूट नसलेला. शाफान! बालमित्रांनो, हा आपल्या तेहिलिममध्ये आहे. खडक हे शाफानांचे आश्रयस्थान, असे तिथे म्हटले आहे. त्यांच्यातला एकजण पहाऱ्याला बसतो आणि परका दिसला की शिट्टी देतो, मग बाकीचे फटीत पळतात. दिसायला तो सशाचा किंवा घुशीचा भाऊबंद वाटतो, पण शास्त्रज्ञ सांगतात की त्याचे जवळचे नातलग म्हणजे हत्ती. नातवाला हे सांगितले तेव्हा त्याने ठामपणे नाही म्हटले. पुस्तकात बघायला लावले तेव्हा गप्प झाला.

सहाला दहा कमी असताना किल्ल्यापाशी आलो. किल्ला म्हणजे कड्यातल्या नैसर्गिक गुहा, त्यांच्या तोंडांवर बांधलेल्या भिंती, मधले जिने आणि पाण्याची टाकी. आज दिसणारे बांधकाम उस्मानी काळातले आहे, पण गुहांमधली वस्ती त्याच्या फार आधीची. इथे बसून पाणी प्यालो आणि दुसरा फोन केला. सूर्य नुकताच गोलानवर आला होता.

या गुहांची हकिकत सांगायलाच हवी. ख्रिस्तपूर्व ३८ च्या सुमारास हेरोद रोमनांच्या मदतीने या देशाचा राजा होऊ पाहत होता. त्याला न मानणारे ज्यू बंडखोर आपल्या बायकामुलांसह या गुहांत येऊन राहिले. खालून चढून येणाऱ्या सैनिकाला वरून धोंडे पडत, त्यामुळे खालून हल्ला करणे अशक्य होते. तेव्हा हेरोदाने माणसे वरून सोडली. मोठ्या पेट्या करून, त्यांत सैनिक बसवून, त्या पेट्या माथ्यावरून गुहांच्या तोंडाशी लोंबत्या ठेवल्या. सैनिकांच्या हातात लांब आकडे होते. त्यांनी लोकांना बाहेर ओढले आणि आत आग टाकली. एक म्हातारा होता. त्याची बायको आणि सात मुलगे शरण जाऊ द्या म्हणून विनवत होते. त्याने त्यांना जाऊ दिले नाही. गुहेच्या दाराशी उभे राहून त्याने एकेकाला स्वतःच्या हाताने मारले, आणि शेवटी स्वतः कड्यावरून उडी टाकली. समोरून हेरोद हात पुढे करून थांब म्हणत होता, तरी.

हे लिहून ठेवले योसेफ बेन मत्तित्याहू याने, ज्याला जग जोसेफस म्हणून ओळखते. घटनेनंतर शंभरेक वर्षांनी त्याने लिहिले. पण ही जागा त्याला माहीत होती, कारण रोमनांविरुद्धच्या मोठ्या बंडात तो गालीलचा सेनापती होता आणि अर्बेलच्या गुहांची तटबंदी त्याने स्वतः करवून घेतली होती. मसादाची गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे, तिथे केबलगाडी आहे, शाळेच्या सहली जातात. अर्बेलच्या त्या म्हाताऱ्याला मात्र कोणी ओळखत नाही, त्याचे नावही राहिले नाही. दर वेळी त्या गुहेत बसलो की माझा आणि मित्राचा वाद व्हायचा. तो म्हणायचा, म्हातारा शूर होता. मी म्हणायचो, मुलांना विचारलं का त्याने? मुले तर शरण जाऊ म्हणत होती. नऊ वेळा चढलो आणि नऊ वेळा भांडलो. या वेळी गुहेत मी एकटाच होतो तरी फोनवर त्याने विचारलेच, "मग? अजून तुझं तेच मत?" मी म्हटले, तेच. "बरं," तो म्हणाला, "सहाला आठ कमी. वेळेआधी आहेस. पण कड्यांपाशी घाई करू नकोस."

कड्यांचा टप्पा किल्ल्याच्या पुढे सुरू होतो. इथे वाट संपते आणि भिंत लागते. खालून पाहिले तर वाटते हे काय, घरातल्या शिडीसारखे तर आहे! हात लावला की कळते. हजारो लोकांच्या बुटांनी चुनखडक घासून गुळगुळीत झाला आहे, देवळाच्या किंवा आपल्या जुन्या सिनेगॉगच्या उंबरठ्यासारखा. कडी पकडायला चांगली, पण पाय ठेवायला जागा बघूनच घ्यावी लागते. एकच सूत्र पाळायचे, तीन धरा आणि एक हलवा. दोन हात आणि दोन पाय, यांतले तीन कायम पक्के, आणि फक्त चौथा पुढे. चौथा पक्का झाल्याशिवाय दुसरा कोणी हलायचा नाही. शरीर कातळाला चिकटवून घेऊ नये. भीती वाटली की माणूस भिंतीला मिठी मारतो, आणि मग पायाखालचे दिसत नाही आणि पाय घसरतो. थोडे मागे झुकून उभे राहिले की वजन पायांवर येते.

मधोमध एक जागा आहे जिथे दोन कड्यांमधले अंतर जरा जास्त वाटते. माझ्यासारख्या बुटक्या माणसाला तरी. उंच मित्र तिथे नेहमी आधी वर जायचा आणि हात खाली न देता, नुसता बोलायचा, "डावा पाय, खोबण, अजून थोडा वर, हां." हात त्याने कधीच दिला नाही. म्हणायचा, हात दिला तर दोघे जाऊ. या वेळी वर कोणी नव्हते. मी एका हाताने कडी धरून उभा राहिलो, पाठीवर ऊन तापत होते, आणि उजवा गुडघा थोडा थरथरायला लागला. शिवणाच्या यंत्राची सुई चालते ना, तसा. कातळावर चढणाऱ्यांना हे माहीत असते. एकाच स्नायूवर फार वेळ भार पडला की तो असा नाचतो. घाबरण्याचे कारण नाही, पण तसेच पुढे जाण्याचेही नाही.

मी खाली पाहिले. दोन पावले खाली बसण्याजोगा धोंडा होता. घड्याळात सहा पन्नास. साडेसातला अजून चाळीस मिनिटे होती. एक पाय, मग दुसरा, असे करत उतरलो, बसलो, लिंबाचे पाणी प्यालो. समोर कातळाच्या फटीत एक अंजिराचे झाड वाढले आहे. त्याला माती कुठून मिळते देवाला ठाऊक. त्याच्या सावलीत माझे डोके आणि एक खांदा मावत होता. दहा मिनिटे तिथे बसून मी फक्त एकच ठरवत होतो, वर जायचे की खाली. खाली जाणे म्हणजे त्याच गुळगुळीत कातळावर पाय न दिसता उतरणे, गुडघ्यांवर दुप्पट भार. उतरताना लोक जास्त पडतात, हे प्रत्येक डोंगर चढणारा सांगेल. म्हणूनच मी वरून उतरायचे ठेवलेच नव्हते, मुलगा गाडी घेऊन माथ्यावर येणार होता. पण गुडघा थांबला नाही तर बसत बसत, ढुंगणावर घसरत का होईना, खालीच जायचे, असे मी तिथे पक्के केले. लाज वाटायची नाही. बघायला फक्त शाफान होते.

गुडघा थांबला. दुसऱ्यांदा चढताना मी पाय बदलला, उजव्याऐवजी डाव्याने सुरुवात केली, आणि स्वतःशीच मोठ्याने बोललो, त्याच्या आवाजात, "डावा पाय, खोबण, अजून थोडा वर, हां." कडी हातात आली. ती गरम व्हायला लागली होती. अजून तासाभराने ती धरवली नसती.

सात सव्वीसला शेवटचा दोर सोडला. पुढे सोपी वाट, आणि आठच्या आधी माथा. माथ्यावर वारा होता. उन्हाळ्यात धुरकट असते, त्यामुळे हेर्मोन दिसला नाही, पण त्सफातच्या टेकड्या, गिनोसारची हिरवी शेते आणि अख्खा किनेरेत दिसत होता. गिनोसारपाशीच १९८६ साली दुष्काळात पाणी मागे हटल्यावर चिखलात दोन हजार वर्षांपूर्वीची मासेमारीची होडी सापडली. ती किबुत्सच्या संग्रहालयात ठेवली आहे, ज्यांना डोंगर चढायचा नाही त्यांनी ती जरूर पाहावी.

तिसरा फोन केला. मित्र आधी काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "आता पश्चिमेला बघ. शिंगं दिसतात?"

दिसत होती. हत्तीनची शिंगे, म्हणजे एका विझलेल्या ज्वालामुखीची दोन टोके. ११८७ सालच्या जुलै महिन्यात तिथे एक अख्खे सैन्य तहानेने हरले. क्रूसेडवाल्यांचा राजा गी त्सिप्पोरीच्या झऱ्यांपाशी आरामात तळ देऊन होता. सलादिनने तिबेरियाला वेढा दिला, मुद्दाम, तो बाहेर यावा म्हणून. ३ जुलैला गी निघाला. पंचवीस-तीस किलोमीटरची वाट, अंगावर लोखंड, डोक्यावर ऊन आणि मध्ये पुरेसे पाणी नाही. वाटेतल्या झऱ्याकडे परतायचा रस्ता सलादिनच्या स्वारांनी तोडला. रात्र पाण्याविना काढली. ४ जुलैला सकाळी सलादिनच्या लोकांनी वाळलेल्या गवताला आग लावली, धूर तोंडावर. समोर खाली किनेरेत, एवढे गोडे पाणी, आणि त्यांना तिथपर्यंत पोहोचता आले नाही. ऑक्टोबरच्या दोन तारखेला यरुशलेमही सलादिनच्या हाती गेले. इतिहासवाले राजाच्या चुका, सरदारांची भांडणे, पुष्कळ कारणे देतात. मित्राचे कारण एकच, "मडकी भरली नव्हती."

हे माझ्या डोक्यात असतानाच, साडेआठच्या सुमारास, एक मुलगा आणि एक मुलगी आले. विशीतले असावेत. कडा उतरून हमामपर्यंत जायचे म्हणत होते. मुलाच्या पायात रबरी चपला, दोघांत मिळून अर्ध्या लिटरची एक बाटली, तीही निम्मी. मी हिब्रूत विचारले, बाकीचे पाणी? मुलगा हसला आणि जे या देशात सगळेजण म्हणतात ते म्हणाला, "यिहये बेसेदेर." सगळे ठीक होईल!

मला रागवता आले असते. पण एकोणसत्तर वर्षांच्या परक्या माणसाचे रागावणे विशीतला मुलगा किती ऐकणार? मी त्यांना हत्तीनची शिंगे दाखवली आणि ती गोष्ट सांगितली, माझ्या मोडक्यातोडक्या हिब्रूत, मडक्यांसकट. मग त्याला म्हटले, कड्यांना हात लावून ये, फक्त पहिल्या, आणि मग ठरव. मुलगी माझ्याजवळ सावलीत बसली. मुलगा गेला. दहा मिनिटांनी वर आला, तळहात पाहत. काही बोलला नाही. माझ्याकडे सव्वा लिटर उरले होते, त्यातले त्यांना दिले. ते दोघे नंतर वरच्या वाटेनेच गाड्यांकडे परत गेले. दर उन्हाळ्यात आपण बातम्यांत ऐकतो, अमक्या वाटेवर उष्माघात, तमक्या वाटेवर शोध चालू. बहुतेक वेळा ती तरुण, धडधाकट मुले असतात. म्हातारी माणसे निदान घाबरून तरी घरी बसतात.

वडील मंडळींसाठी एक गोष्ट सांगायची राहिली. अर्बेलचा माथा पाहायला कडा चढावा लागत नाही. मागच्या बाजूने मोशाव अर्बेलवरून गाडीरस्ता आहे, राष्ट्रीय उद्यानाचे फाटक आहे, आणि फाटकापासून थोडे चालले की हारूवच्या झाडाचा सज्जा लागतो. तूबिश्वातला आपण जी वाळकी, गोड शेंग चघळतो, तिचे झाड. तिथून कडा, किनेरेत, सगळे दिसते. मात्र उन्हाळ्यात तिथेही सकाळीच जावे, टोपी घालावी, आणि निघण्यापूर्वी उद्यानाला फोन करून वेळा आणि वाटा उघड्या आहेत का ते विचारावे. कड्याच्या टोकाशी मुलांचा हात सोडू नये. कठडा सगळीकडे नाही.

नऊच्या थोडे आधी मुलगा आला. बरोबर नातू, आणि माझी बायको, हातात डबा. हारूवच्या सावलीत बसून चपाती आणि बटाट्याची भाजी खाल्ली. बायको सज्जापर्यंत गेली, खाली वाकून तो सगळा कातळ एकदा नीट पाहिला, आणि परत येऊन म्हणाली, "तुमच्या मित्राला फोन लावा."

मी लावला. फोन तिने घेतला. दोघांत काय बोलणे झाले ते मला सांगितलेले नाही, अजूनही नाही. शेवटी फोन माझ्याकडे आला.

"ते अंजिराचं झाड आहे का अजून?" त्याने विचारले.

"आहे. पानांवर धूळ आहे."

"फळं?"

"आहेत पाच-सहा. कच्ची."

"लिहितो," तो म्हणाला.